पडवीचं दार

माझं अक्षर फार वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधीच जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. कुणाची मागते ते माहीत नाही, कारण ही वही मी कुणाला दाखवणार नाही. मराठी चौथी झाली आणि शाळा सुटली. नंतर लिहायचं म्हणजे वाण्याची यादी आणि माहेरची कार्डं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी साताऱ्याला वडिलांना लिहिलेलं माझं कार्ड यांनी टपालात टाकण्याआधी वाचलं आणि लाल पेन्सिलीने सात ठिकाणी दुरुस्त केलं. रागावले नाहीत, हसत हसतच केलं. पण तेव्हापासून मी लिहिते ते कुणाच्या नजरेला पडणार नाही असंच लिहिते.

आज लिहायला कारण झालं. मुलाला सांगलीत ब्लॉक घ्यायचा आहे. काल तो आणि त्याचे दोन मित्र ओसरीवर बसून तासभर वाद घालत होते. दोन निजायच्या खोल्यांचा ब्लॉक अमुक किमतीला, तिसरी खोली असली की एकदम कितीतरी हजार जास्त, आणि जागा मोजली तर वाढते थोडीशीच. मग एवढे पैसे कशाचे? मी आत शेंगा फोडत बसले होते. मला याचं उत्तर चांगलं ठाऊक होतं, कारण तिसऱ्या खोलीचा भाव मी एकदा स्वतः ठरवलेला आहे. पण पुरुषमाणसांत उठून बोलायची सवय नाही. म्हणून इथे लिहिते.

लढाईची वर्षं होती. आमचं घर सांगलीत होतं, अकरा खणांचं. तेव्हा घर खणांवर मोजत. दोन तुळयांच्या मधली जागा म्हणजे एक खण. पुढे ओसरी, ओसरीला लागून एक खोली, मग माजघर, त्याच्या मागे स्वयंपाकघर आणि तिथेच देव. वर एक माडी. माजघराच्या एका अंगाला दोन खणांची पडवी होती. तिला दोन दारं. एक माजघरात उघडायचं, दुसरं परसात. परसात आड आणि पलीकडे संडास.

हे घर सासऱ्यांनी बांधलं ते त्यांच्या बहिणीच्या पैशांवर. तिला आम्ही सगळे आत्याबाई म्हणायचो. विसाव्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नाही, सासरच्यांनी वाटणीचे म्हणून बाराशे रुपये हातावर ठेवले आणि वाट दाखवली. ते बाराशे तिने भावाला दिले. घर उभं राहिलं. पण त्या घरात ती निजायची माजघरात, जिन्याच्या पायथ्याशी. माडीवर जाणारा-येणारा तिच्या उशावरून जायचा. सासऱ्यांनी जाताना यांना एवढंच सांगितलं होतं, "घर कधी विकलंस तर आधी तिचे पैसे."

यांना साताऱ्याला एका वखारीत चांगली नोकरी लागली. तिथे एक घर तीन हजारांना ठरलं, इसारही दिला. मग सांगलीचं घर विकणं आलं. त्याच सुमाराला वाईहून आत्याबाईंना निरोप आला, की घाटाजवळच्या एका घरातली दोन खणांची खोली विकायची आहे, पण मालक अक्षय्यतृतीयेपर्यंतच थांबतील. आत्याबाईंनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी यांना ताक वाढताना त्या म्हणाल्या, "माझे तेवढे देता आले तर बघ. मला एकदा दार लावून निजायचंय."

म्हणजे हिशेब सरळ होता. तीन हजार साताऱ्याच्या घराचे आणि बाराशे आत्याबाईंचे. बेचाळीसशेच्या खाली आलं तर आत्याबाईंचे पैसे राहणार, आणि वाईची खोलीही जाणार.

दलाल आला. मोठा बोलका माणूस, पानाचा डबा उघडल्याशिवाय त्याला वाचा फुटत नसे. हे त्याला खण मोजून दाखवायला लागले तर तो म्हणाला, "भाऊसाहेब, खण मोजायचे दिवस गेले. आता लोक पहिलं विचारतात, निजायच्या खोल्या किती? तीन मुलगे असले तर तीन सुना येणार. एकीला माडी दिलीत, एकीला ओसरीजवळची खोली दिलीत, तिसरीला काय तुळईला टांगणार?"

"खाली पडवी आहे की," हे म्हणाले.

"दोन दारांची ती काय खोली म्हणायची? तो बोळ झाला. ह्या दारानं आत, त्या दारानं बाहेर. दोन खोल्यांच्या घराला मी तेहतीसशेच्या वर एक पै आणू शकत नाही. परसाकडचं दार बुजवा. खाटेला भिंत मिळेल, चोराची भीती जाईल आणि घर तीन खोल्यांचं होईल. मग बघा."

लढाईमुळे नवीन घरं बांधली जात नव्हती, सामानच मिळत नव्हतं, त्यामुळे आहेत त्या घरांना मागणी होती. दलालाचं म्हणणं यांना पटलं. मार्गशीर्षात गवंडी आला आणि दोन दिवसांत परसाचं दार विटांनी बुजवून वर गिलावा करून गेला. आत एक खाट टाकली. यांनी मला बोलावून विचारलं, "कशी दिसते?"

मी म्हटलं, "छान."

खरं तर मला त्याच क्षणी कळलं होतं की काय झालंय. पण ते बोलायचं कसं? आताच्या मुलींना तर ते समजणारही नाही, म्हणून लिहिते. त्या वेळी आमच्याकडे बायका महिन्याचे ते चार दिवस बाजूला बसत. आमच्या घरात बसायचं ते पडवीत. जेवणाचं ताट माजघराच्या दारातून पुढे सरकवलं जाई, आणि परसाच्या दाराने आपलं आपण बाहेर जाऊन यायचं. स्वयंपाकघरातून जाणं शक्यच नव्हतं, तिथे देव आणि आत्याबाईंचं सोवळं. आता ते दार गेलं. परसात जायचं तर माजघर, ओसरी, रस्ता आणि मग घराच्या कडेचा बोळ असा वळसा. हातात तांब्या घेऊन.

समोर वाण्याचं दुकान होतं आणि दुकानापुढे बाक. बाकावर सकाळपासून चार माणसं असायचीच. पौषात माझे ते दिवस आले तेव्हा हे साताऱ्याला होते. नोकरी सुरू झाली होती आणि पंधरा दिवसांनी सर्व्हिस मोटारीने यायचे. मी चार दिवस त्या रस्त्याने गेले-आले. पदर कपाळाच्या खाली ओढून, अंगणातल्या चिमणीसारखी टुणटुण. मी आले की माजघरातून आत्याबाई ओरडायच्या, "थांब गं, मी सरकते!" आणि पोथी उचलून भिंतीला चिकटायच्या. चौथ्या दिवशी माझी तीन वर्षांची मुलगी बाकावरच्या माणसांना मोठ्याने म्हणाली, "आमच्या आईला कावळा शिवलाय." मी रस्त्यातच वितळून जावं तशी झाले.

त्याच महिन्यात गिऱ्हाइकं यायला लागली. पहिलं हळदीच्या व्यापाऱ्याचं. दोघे भाऊ घर पाहून खूश. माडी चढले, पडवीच्या नव्या भिंतीवर थाप मारून म्हणाले, "पक्की झालीय खोली." दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरच्या बायका आल्या. सासू आणि दोन सुना. पडवीत गेल्या. सासूने खाटेमागची भिंत पाहिली, मग मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग सुनांकडे. हळदीकुंकू लावून घेतलं आणि गेल्या. सांजेला निरोप आला, विचार करून कळवतो.

मग एक शाळामास्तर आले. त्यांचंही तसंच. मास्तर खूश, मास्तरीणबाई गप्प. तिसरं गिऱ्हाईकही असंच गेलं. दलालाला काही उमजेना. "भाऊसाहेब, माणसं हो म्हणून जातात आणि घरी गेली की नाही म्हणतात. कुणी करणी केलीय का?"

कुणी करणी केली नव्हती. पुरुष घर बघून जायचे आणि बायका वाट बघून जायच्या. पण त्या आपल्या नवऱ्याला तोंडाने काय सांगणार? 'घर अशुभ वाटतं' म्हणत असतील, नाहीतर 'आडाचं पाणी मचूळ आहे' म्हणत असतील. आमच्या आडाच्या पाण्याची त्या दोन महिन्यांत गावभर बदनामी झाली, आणि पाणी तर साखरेसारखं होतं.

माघात हे आले तेव्हा दलालाने शेवटचं सांगितलं, पस्तीसशेला सोडून द्या. हे बराच वेळ ओसरीवर फेऱ्या घालत राहिले. मग माजघरात येऊन आत्याबाईंपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "आत्या, तुझे पैसे पुढल्या वर्षी बघू. नोकरी आहे, हळूहळू देईन."

"बघ बाबा," आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात वाती होत्या. त्यांनी वात वळायची थांबवली नाही. पण मी चुलीपासून पाहत होते. एकच वात त्या वळत राहिल्या, ती दोऱ्यासारखी बारीक झाली आणि तुटली.

मला तोपर्यंत स्वतःसाठी बोलता आलं नव्हतं. रस्त्याने तांब्या घेऊन जायचं तेही सहन केलं होतं. पण ती तुटलेली वात पाहिली आणि ठरवलं. तोंडाने बोलणं माझ्याच्याने झालं नसतं. मी मुलीच्या पाटीवरची पेन्सिल ठेवून यांची शिसपेन्सिल घेतली, वाण्याच्या पुडीचा कागद सरळ केला आणि लिहिलं, "पडवीचे परसाकडचे दार पुन्हा उघडावे. बाजूला बसणाऱ्या बाईला परसात जाण्यास वाट राहिली नाही. मी रस्त्याने जाते. घर पाहण्यास येणाऱ्या बायका हेच पाहून परत जातात. खोली बुजवून झाली नाही, दार उघडले तर होईल. आतल्या दाराला दोन्हीकडून कडी लावावी." आणि तो कागद निघताना त्यांच्या कोटाच्या खिशात घातला. मोटार स्टँडावरून सुटेपर्यंत त्यांचा हात खिशात जाऊ नये एवढंच मनात म्हणत होते.

तीन दिवसांनी साताऱ्याहून कार्ड आलं. त्यात एकच ओळ. "गवंड्यास कळविले आहे. कड्या दोन आणण्यास सांगावे." चुकांबद्दल एक शब्द नाही.

गवंड्याने विटा काढल्या. त्याच्याकडूनच मी परसाच्या दाराशेजारी एक छोटी खिडकीही पाडून घेतली. तो म्हणाला, "मालकांनी खिडकीचं न्हाई सांगितलं." मी आत्याबाईंकडे बघून म्हटलं, "आत्याबाई, त्यांना म्हणावं, मालकीणबाईंनी सांगितलंय." परक्या पुरुषाशी मी सरळ बोलत नसे. पण तिसऱ्याला सांगून हवं ते बोलायची मला चांगली सवय होती.

दलाल येऊन पाहतो तर दार उघडं. त्याने कपाळाला हात लावला. "वहिनी, हे काय केलंत! तीन खोल्यांचं घर पुन्हा दोन खोल्यांचं झालं की हो! हजार रुपये गेले हजार!"

मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते. "आत्याबाई, त्यांना म्हणावं, खोल्या दलालाने मोजल्या तेव्हा घर गेलं नाही. आता ज्यांना निजायचंय त्यांना मोजू द्यावं. आणि पुढच्या वेळी बायकांना आधी आणावं, पुरुषांना मागून."

दलाल तोंडातलं पान चघळायचं थांबला. आत्याबाईंना हसू आवरेना. म्हणाल्या, "ऐकलंत ना? मी वेगळं सांगायला नको."

फाल्गुनात कडेगावकडचं एक कुटुंब आलं. उसाची शेती, थोरला मुलगा पलटणीत, मधल्याचं लग्न ठरलेलं, धाकटा सांगलीत शिकायला ठेवायचा होता. म्हातारे ओसरीवर बसले. त्यांची बायको, उंच, दणकट, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली, सरळ आत आली. मागून थोरली सून.

"निजायच्या खोल्या किती हायत?" बाईंनी पहिलाच प्रश्न केला.

"तीन," मी म्हटलं.

"तो पानवाला तर दोन म्हनतोय."

"तुम्ही बघा आणि तुम्हीच मोजा."

माडी पाहिली, ओसरीजवळची खोली पाहिली. मग मी त्यांना पडवीत नेलं. त्यांनी आधी परसाचं दार उघडलं, बाहेर डोकावून आड आणि संडास पाहिला. मग माजघराचं दार ओढून घेतलं आणि आतून कडी लावली. आम्ही तिघी आत. खिडकीतून ऊन खाटेवर आलं होतं.

"ये गं, बघ," त्या सुनेला म्हणाल्या. "हितं बाळंतीण ठेवता येईल. बाजूला बसायचं म्हनशील तर कुनाला शिवायला नगो. आन् एरवी तू आन् तुझा दादला, तो रजेवर आला म्हंजे."

सून लाजून भिंतीकडे वळली.

"लाजतीस काय? घर काय दर्शनाला घ्यायचं हाय?" आणि माझ्याकडे वळून, "आवं बाई, ह्ये दार कुनी काढलं? बाप्याचं काम न्हवं ह्ये."

"मी काढलं. आधी बुजवलं होतं, मी उघडायला लावलं."

"व्हय? म्हनूनच." त्या खाटेवर बसल्या. "धा घरं बघितली म्या सांगलीत. समद्यांनी खोल्या वाढवून ठेवल्यात. कोठीला खोली म्हनत्यात, जिन्याखाली खोली म्हनत्यात. बाईला निगायला वाट न्हाई, त्या खोलीचं काय लोणचं घालायचं? आता खरं सांग. किती आलं म्हंजे देशील?"

किंमत तोंडातून काढायची नाही असं यांनी मला बजावलं होतं. ते पुरुषांचं काम, ओसरीवर, रुमालाखाली बोटं धरून. पण ओसरीवरचे पुरुष त्या पडवीत आलेच नव्हते.

"चव्वेचाळीसशे," मी म्हटलं. "त्याच्या खाली नाही."

"आमचं मालक अडतीसशे बोलत्याल."

"मग दोन खोल्यांचं घर घ्या म्हणावं. ही तिसरी खोली आहे. हिला दोन दारं आहेत, खिडकी आहे, परस आहे. बंद केली की एका सुनेची, उघडली की सगळ्यांची. अशी खोली तुम्हाला दहा घरांत दिसली नाही, हे आत्ता तुम्हीच म्हणालात." माझा मलाच आवाज ऐकू येत होता, आणि तो कापत नव्हता. "आणि तीसएक वर्षं आमच्या आत्याबाईंचे पैसे या घरात आहेत. त्यांना या घरात एकही खोली नाही. ते पैसे द्यायचेत. म्हणून खाली येणार नाही."

बाईंनी कडी काढली. माजघरात जिन्याखाली आत्याबाई बसल्या होत्या, त्यांची घडी घातलेली वळकटी शेजारी. बाई थोडा वेळ त्या वळकटीकडे बघत उभ्या राहिल्या. मग ओसरीच्या दाराशी जाऊन म्हाताऱ्यांना म्हणाल्या, "आवं, घ्या म्हनं. चव्वेचाळीसशे."

"आगं, खोल्या दोनच हायत की!" म्हातारे म्हणाले.

"तुमी कवा मोजल्या? उठा, पानी प्या."

दलालाने पानाचा डबा उघडला आणि तसाच मिटला.

चैत्रात, अक्षय्यतृतीयेच्या आत, कचेरीत खरेदीखत झालं. हे पैसे घेऊन घरी आले ते सरळ माजघरात. आत्याबाई सोवळ्यात होत्या, म्हणाल्या, "पाटावर ठेव. मी हात लावते मग." यांनी पाट मांडला, त्यावर शंभराच्या बारा नोटा ठेवल्या आणि नमस्कार केला.

"बाबांचं सांगणं मी आज पुरं केलं, आत्या."

"तू कसलं केलंस," आत्याबाई म्हणाल्या. "तुझ्या कोटाच्या खिशाने केलं." मग मला हाक मारली. "इकडे ये. पावती कर. फुकटचं काही नको, मी पैसे घेतले तर लिहून घेतलं पाहिजे. मला लिहिता येत नाही, तू लिही."

"मी कशाला, हे लिहितील."

"त्याने घर बांधलं नाही, विकलंही नाही. तू लिही."

मी लिहिलं. यांच्यासमोर, यांच्याच दौतीतून. "माझे भावाकडे असलेले बाराशे रुपये आज रोजी सर्व पावले. आता काही बाकी नाही." अंगठा उठवायला शाई कुठे? दौतीतली पातळ होती, फुटायची. मुलीची काजळाची डबी कोनाड्यात होती ती मी पुढे केली. आत्याबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग अंगठा त्यात बुडवला. "बत्तीस वर्षांनी लागलं गं काजळ," त्या म्हणाल्या आणि कागदावर अंगठा दाबून धरला.

यांनी पावती उचलून वाचली. खिशातून लाल पेन्सिल काढली, दोन बोटांत फिरवली आणि पुन्हा खिशात ठेवली. आत्याबाईंनी पाटावरच्या नोटा एक एक करून उचलल्या, बाराही, आणि कनवटीला बांधल्या.